चाळीस सेल, एक चार्जर

वडीगोद्री
१४ नोव्हेंबर १९९८

बेबीनंदा,

कॉलेज सोडलं. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत माझ्या अक्षरात कळावं म्हणून हे आंतरदेशीय.

कारण विचारशील. प्रॅक्टिकलच्या तासाला एका पोरानं माझ्या वहीतून तुला लिहिलेला कागद ओढून सगळ्या वर्गापुढं वाचला. मी त्याला दिली एक ठेवून. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, दाखला द्या. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष तिथंच, अंबडला, टेबलावर पडून राह्यलं.

त्याच पावली मामाकडं गेल्तो. तुझे वडील कोर्टासमोर लिंबाखाली बसून कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र लिहून राह्यले होते. मान वर न करता म्हणाले, "बोला भाचे." मी सरळ सांगितलं, बेबीनंदा मला द्या. त्यांनी ओळ पुरी केली, टाक पुसला आणि म्हणाले, "बहिणीच्या पोराला मामाची पोरगी, ही रीत मला ठाऊक आहे. रीतीनं पोट भरत नाही. पाडव्यापर्यंत धंदा उभा करून दाखव. नाही झाला, तर आलेल्या पाहुण्यांना मी हो म्हणणार."

म्हणजे चार महिने. मंग मी काय केलं, ऐक. तुझ्या कॉलेजच्या अंकातला तुझा निबंध मी अकरा वेळा वाचला. तू लिहिलंस, सुका सेल एकदा वापरून फेकतात, तो मातीत कुजतो, पैसा जातो आणि जमीनबी जाते. पुन्हा भरता येणारा सेल घेतला तर दोन्ही वाचतं. हेच धरलं. सायकल आणि आईच्या दोन शेळ्या विकून जालन्याहून चाळीस भरायचे पेन्सिल सेल आणले, पंचावन्नला एक. एक चार्जर आणला. त्यात एका वेळी चार बसतात, चौदा तास लागतात. याकूबचाचाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक फळी मिळाली. पाटी लावली: 'भरलेले सेल भाड्याने. दीड रुपया.' अंकुशनगरला साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. त्यांच्या पाचटाच्या कोपीकोपीत रेडिओ आहे, टॉर्च आहे. गिऱ्हाइकाला तोटा न्हाई.

आता तू सांग. माझ्या बाजूनं आहेस का न्हाईस? एवढंच लिहिलं तरी चालंल.

तुझा
मच्छिंद्र


औरंगाबाद, मुलींचे वसतिगृह
२७ नोव्हेंबर १९९८

मच्छिंद्र,

कागद ओढून वाचला म्हणून कॉलेज सोडतात? त्या पोराचं काय गेलं? तो पास होईल आणि तू फळीवर बसशील. उषाआत्याच्या शेळ्यासुद्धा विकल्यास. तुला राग आला की शेवटी त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

पण फळी मांडलीच आहेस तर नीट मांड. भरायचा सेल सव्वा व्होल्टचा असतो आणि सुका दीडचा, म्हणून टॉर्च जरा मंद जळेल. गिऱ्हाइकाला आधीच सांग. भिंतीवरच्या घड्याळासाठी देऊ नकोस, घड्याळाला सुका सेलच बरा. आणि एक वही घाल. प्रत्येक सेलवर नंबर टाक. कोणता सेल कधी भरला, कुणी नेला, किती दिवसांनी रिकामा आला, सगळं लिही आणि दर महिन्याला मला पाठव. मला हे खरंच हवं आहे. निबंधात मी लिहिलं ते पुस्तकातून लिहिलं होतं. खेड्यात हे सेल परवडतात की नाही, हे मोजून कुणी पाहिलेलं नाही.

परीक्षा जवळ आली आहे. थांबते.

बेबीनंदा


वडीगोद्री
१० डिसेंबर १९९८

बेबीनंदा,

'मला हे खरंच हवं आहे.' एवढ्या ओळीवर मी दहा दिवस काढले. बाकीच्या शिव्या पोस्टमनला ठेव म्हणून सांगितलं.

वही घातली. सेलांवर नेलपॉलिशनं नंबर टाकले, आईनं ती शिशी कुणाची म्हणून तासभर छळलं.

मंद उजेडाचं तू म्हणालीस तसंच झालं. टोळीतली गिरिजाबाई आली, टॉर्च माझ्या तोंडासमोर धरला. "का रं पोरा, ह्यो सेल उपाशी हाय का? उजेड बघ कसा, तापातल्या माणसाच्या डोळ्यावानी." मी तिला सव्वा आणि दीड समजावून सांगाया लागलो. ती म्हणाली, "मला व्होल्ट नगं सांगू. पायाखाली इंचू दिसंल का, ते सांग." मंग मी ते सेल तिच्या रेडिओत टाकले, त्यात मस्त चालले. आता ती रेडिओसाठीच नेते. याकूबचाचा कोपऱ्यातून म्हणतो, "मोहब्बतवाले को अंधेरे में बी दिखता बेटा, गिऱ्हाइक को नै दिखता."

एक गंमत झाली. आपल्याकडं सुका सेल उतरला की उन्हात टाकतात न्हाईतर चुलीच्या उबेला ठेवतात, म्हणजे अजून दोन दिवस ओढतो. टोळीतल्या कचरूनं माझे दोन सेल तसेच गरम राखेत पुरले. फुगून आले, तळाला पांढरं पाणी सुटलेलं. मी त्याची गचांडी धरली. तो म्हणतो, "सेल हाय, म्हून तापवला. पापड आस्ता तर भाजला आस्ता." दोनच गेले पण. सगळ्यांना दम भरलाय.

आकडे लिही: रोज बारा-तेरा सेल भरून जातात. धंदा बराबर चाललाय. मामालाबी तसा निरोप धाडलाय.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं राह्यलं बघ.

मच्छिंद्र


औरंगाबाद
८ जानेवारी १९९९

मच्छिंद्र,

बारा-तेरा! मला चार-पाच वाटले होते. तुझा कागद मी देवानंद सरांना दाखवला. सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, असे प्रत्यक्ष गावातले आकडे शहरात बसून शंभर वर्षांत मिळणार नाहीत, ह्याचा प्रकल्प कर. फेब्रुवारीत कॉलेजचं प्रदर्शन आहे. त्यात निवड झाली तर पाडव्याच्या सुमाराला विद्यापीठाचं. तिथं नंबर आला तर एम.एस्सी.ला वर्षभर मानधन मिळतं. बाबा म्हणतात बी.एस्सी. झाली की पुरे. मानधन मिळालं तर त्यांना बोलायला जागा राहणार नाही.

म्हणून आपले आकडे फार मोलाचे आहेत. पुढचा महिना नीट लिही. राखेत सेल टाकायचं थांबलं का ते कळव. त्या सेलांत कॅडमियम असतं, ते फार विषारी. फुगलेला सेल पोराटोरांच्या हाती लागू देऊ नकोस, फोडू नकोस, जाळू नकोस.

बेबीनंदा


वडीगोद्री
१७ जानेवारी १९९९

बेबीनंदा,

'आपले आकडे' लिहिलंस. 'आपले'. माझे न्हाई, तुझे न्हाई. मी ते पत्र खिशात घालून अंकुशनगरपर्यंत चालत गेलो आणि चालत आलो, सायकल न्हाई त्याचं दुःख वाटलं न्हाई.

पण हे देवानंद सर कोण? लग्न झालेलं आहे का? वय काय? माझा कागद तू त्यांना का दाखवलास? तो कागद होता सेलांचा, पण तुझ्यासाठी लिहिलेला. एकदा माझा कागद वर्गात वाचला गेला तर काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्या सरांना सांग, वडीगोद्रीचा पोरगा एक दिवस येऊन भेटंल.

राखेचं थांबलं. सगळे सेल ठीक. सोबत महिन्याचा तक्ता जोडलाय. रोजचे तेरा धर. पाडव्यापर्यंत सोळाशे वेळा सेल भरले जातील बघ.

मामा परवा वडीगोद्रीच्या स्टँडवर उतरले आणि दुकानात आले. उभ्यानं चहा घेतला. पाटी वाचली, वही चाळली. जाताना म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." मामाच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं.

उत्तर दे. सेलांचं न्हाई, माझं.

मच्छिंद्र


औरंगाबाद
२२ फेब्रुवारी १९९९

मच्छिंद्र,

कॉलेजात पहिला नंबर आला. वीस मार्चला विद्यापीठाचं प्रदर्शन. 'खेड्यातील भारित सेल: खर्च व पर्यावरण.' सोळाशेचा आलेख मी लाल शाईनं काढला आहे, लांबूनही दिसतो.

सरांना बायको आणि दोन मुलं आहेत. पुन्हा असलं काही लिहू नकोस, इथे येऊ तर मुळीच नकोस.

तुझ्या प्रश्नाबद्दल प्रदर्शन झाल्यावर बोलू. तोवर मला दुसरं काही सुचत नाही. मार्चचा तक्ता पंधरा तारखेपर्यंत मिळायलाच हवा.

बेबीनंदा


वडीगोद्री
१२ मार्च १९९९

बेबीनंदा,

तक्ता सोबत.

'प्रदर्शन झाल्यावर बोलू.' ज्याला न्हाई म्हणायचं असतं तो असं लिहीत न्हाई. न्हाई म्हणायला प्रदर्शन कशाला लागतं? मला कळलं. आई म्हणते, पोरी असंच बोलतात, तोंडानं हो म्हणत न्हाईत. याकूबचाचा म्हणतो, "रुक जा, जल्दी मत कर." त्याचं काय जातंय.

पाडव्याला अंबडला जातोय. मामानं दिलेली मुदत त्याच दिवशी पुरी होते. तुझी तिन्ही पत्रं बरोबर नेतो. मामा कागदाचा माणूस, तोंडी बोललेलं त्यांना पटत न्हाई. 'आपले आकडे' वाचतील, 'बोलू' वाचतील, म्हणजे त्यांना कळंल की पोरगी कुणाच्या बाजूनं आहे. आणि एम.एस्सी.चं मानधनबी त्यांना कळू दे, बायको शिकलेली असली तर मला काय अडचण न्हाई.

तू बिनघोर प्रदर्शन कर. इकडचं मी बघतो.

तुझाच
मच्छिंद्र


अंबड
२९ मार्च १९९९

मच्छिंद्र,

पत्ता बघ. मी वसतिगृहातून घरी आले आहे. आणलं गेलं आहे.

वीस तारखेला काय झालं ते सांगते. परीक्षकांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "बेटा, चार्जर किती?" म्हटलं, एक. "एका वेळी किती सेल?" चार. "किती तास?" चौदा. मी पटापटा उत्तरं दिली, पाठ होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे दिवसाला चार. वीज गेली नाही असं धरू, तरी एकशे वीस दिवसांचे चारशे ऐंशी. मग हे सोळाशे कोणत्या गावात भरले?"

सगळा हॉल हसला. देवानंद सर म्हणाले, आकडे विद्यार्थिनीनं स्वतः मिळवले, मी तपासले नाहीत. माझा लाल आलेख मी सगळ्यांसमोर भिंतीवरून उतरवला.

आणि बाबा शेवटच्या बाकावर बसले होते. तू पत्रं दाखवून आलास, म्हणून ते पोरगी काय करते ते बघायला आले होते. तिथून त्यांनी वसतिगृहात येऊन माझी पेटी उचलली. एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "खोट्या कागदाला मी जन्मभर हात लावला नाही. माझ्या घरातून दोन निघाले. एक त्याचा, एक तुझा."

दुसरा माझा कसा, ते तुला सांगायला हवं. तू पहिल्या पत्रात विचारलंस, माझ्या बाजूनं आहेस का. माझ्या मनात तेव्हाच नाही होतं. लहानपणापासून तुझा राग पाहिला आहे, त्या रागाच्या घरात मला राहायचं नाही. पण नाही लिहिलं असतं तर तू वही बंद केली असतीस, आणि मला वही हवी होती. म्हणून मी उत्तर टाळलं. 'बोलू' लिहिताना मला ठाऊक होतं, तू काय वाचशील.

तू मात्र आकडे का फुगवलेस? मला चारसुद्धा चालले असते. मला दोनसुद्धा चालले असते.

परतूरकडचे पाहुणे गुरुवारी येऊन गेले. बाबांनी हो म्हटलं. मे महिन्यात लग्न. शेवटच्या परीक्षेला बसायचं की नाही, ते ते लोक ठरवतील.

बेबीनंदा


वडीगोद्री
८ एप्रिल १९९९

बेबीनंदा,

पत्र वाचून चार्जर उचलला आणि भिंतीवर आपटायला निघालो. याकूबचाचानं हात धरला. "उसका क्या कसूर? उसने तो झूट नै बोला." मंग खाली बसलो. आठ दिवस तुला शिव्या लिहिल्या, फाडल्या. त्या तशाबी तुझ्यापर्यंत पोचल्या असतील.

तुला वही पाहिजे होती. घे वही. ही खरी.

चार्जर लावला एकशे वीस दिवस. वीज जायची ते दिवस वजा करून सेल भरले चारशे बारा वेळा. भाडं आलं सहाशे अठरा रुपये. सेल आणि चार्जर मिळून गेले होते दोन हजार तीनशे ऐंशी. दिवसाला पाच रुपये मिळवत होतो आणि त्यातले दोन चहाला द्यायचो.

चाळीसपैकी अकरा सेल जिवंत. चार टोळीबरोबर निघून गेले. पंचवीस मेले, त्यातले सोळा राखेत न्हाईतर पत्र्यावर उन्हात. दोनच गेले असं तुला लिहिलं ते खोटं. कचरूनंतर सगळ्या टोळीनंच ते केलं. मी दम भरला तर म्हणायचे, "आमच्या बापजाद्यापासून सेल तापवत्यात, तू कोण सांगणार?" डब्यावर लिहिलंय, सेल पाचशे वेळा भरतो. माझा सगळ्यात जास्त भरलेला सेल एकतीस वेळा भरला.

तो गिरिजाबाईचा. तिनं एकदाच ऐकलं आणि परत कधी तापवला न्हाई. रेडिओ रोज तीन तास. आधी आठवड्याला बारा रुपयांचे सुके सेल लागायचे, आता सहाच्या आत भागायचं. तिचे पैसे खरोखर वाचले. पण ज्यांनी टॉर्च कोनाड्यात ठेवून महिन्यानं काढला, त्यांचा सेल वापरल्याशिवायच उतरून बसलेला. त्यांनी येऊन मला चोर म्हटलं. रोज वापरणाऱ्याला परवडतं, कधीमधी वापरणाऱ्याला न्हाई. एवढंच ह्या चार महिन्यांत कळलं.

तुझ्या जमिनीचं बी मोजलं. अंदाजे दोनशे सुके सेल कमी फेकले गेले असतील. त्याच्या बदल्यात पंचवीस विषारी सेल माझ्या फळीखाली डब्यात आहेत. शाळेचे रामकिसन गुरुजी मागाया आल्ते. सुक्या सेलातलं काळं काढून फळा काळा करतात तसा करायचा म्हणे. तू लिहिलं होतंस म्हणून न्हाई दिले. कंजूष, चिकट्या म्हणून गेले.

का फुगवले विचारतेस. नऊ डिसेंबरला मामाचा निरोप आला, रोज किती जातात? चार म्हणालो असतो तर त्यांनी त्याच दिवशी पाहुण्यांना होकार दिला असता. म्हणून तेरा म्हणालो. दुसऱ्या दिवशी तुला लिहाया बसलो. वाटलं, बापाला तेरा आणि लेकीला चार सांगितले, तर घरात ताळा बसणार न्हाई. म्हणून तुलाबी तेरा. त्यानंतर रोज तेराच लिहायची सवय लागली. वही दोन ठेवल्या होत्या. मामानं चाळली ती तेराची.

तुझी पत्रं मामापुढं ठेवली तेव्हा वाटलं, आता आपण जिंकलो. मामा तिन्ही पत्रं वाचून म्हणाले, "बरं." मी त्या बरंवर पेढे वाटले गं स्टँडवर.

विद्यापीठाच्या त्या बाईंनाबी मी वेगळं पत्र टाकलंय. आकडे मी खोटे दिले, मुलीला ठाऊक नव्हतं, असं लिहून सही केली. पत्ता नीट माहीत न्हाई, पण टाकलंय.

परतूरच्या पोराला राग येतो का? चौकशी केलीस का? मला विचारायचा हक्क न्हाई, तरी विचारतो.

मच्छिंद्र


अंबड
१८ एप्रिल १९९९

मच्छिंद्र,

वही मिळाली. रात्री दोनदा वाचली.

हा खरा प्रकल्प होता. कुणाचा पैसा वाचतो, कुणाचा बुडतो, सेल कशानं मरतो, मेल्यावर कुठे पडून राहतो, सगळं ह्यात आहे. हे घेऊन मी उभी राहिले असते तर त्या बाईंनी गुणाकार केला असता आणि तो जुळला असता. चारशे बाराचा आलेखसुद्धा लाल शाईनं काढता येतो.

मेलेल्या सेलांचा डबा कोरड्या जागी बंद ठेव. विहिरीजवळ नको, उकिरड्यावर नको. शेवटी कुणाला द्यायचे, मला माहीत नाही. निबंध लिहिताना हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

परतूरच्या मुलाला राग येतो की नाही, हे मी विचारलेलं नाही. विचारायची पद्धत नाही.

परीक्षेचा अर्ज भरायची तारीख बारा एप्रिलला गेली. त्यांच्याकडून निरोप चौदाला आला, बसू दे म्हणून.

आता पत्र टाकू नकोस. माझ्या नावाचं पत्र आधी बाबा वाचतात. हेही त्यांना दाखवूनच टाकते आहे.

बेबीनंदा

वरील मजकूर वाचून पाहिला, हरकत नाही. लग्न नऊ मे, रविवार. उषाला घेऊन दोन दिवस आधी ये. वाढायला माणसं कमी आहेत.
तुझा मामा, काकासाहेब